दांडी नसलेली सायकल

तिचं नाव मी लिहीत नाही. हे मासिक तिच्या मोहल्ल्यात चार-पाच घरी येतं, आणि तिच्या अब्बांनाही कुणीतरी हे वाचून दाखवेलच. इतकंच सांगते की ती माझ्या वर्गात 8वीला होती, उर्दूत हुशार, मराठीत त्याहून हुशार, आणि अंगाने इतकी लहानखुरी की रांगेत ती नेहमी सगळ्यात पुढे असायची. तिची वस्ती शाळेपासून 4 किलोमीटरवर. सकाळची एसटी एकच, तीही शाळा भरल्यावर पोहोचणारी. त्या वर्षी एका सरकारी योजनेतून आमच्या मुलींना सायकली मिळाल्या. पटांगणात रांगेने उभ्या केलेल्या, पुढे टोपली, चकचकीत घंटी, आणि मधली आडवी दांडी नसलेल्या. लेडीज सायकली. सगळ्या एकाच मापाच्या. पाहुणे आले, हार झाले, फोटो झाले. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

तीन आठवड्यांनी ती शाळेत यायची बंद झाली. आठ दिवस वाट पाहिली आणि रविवारी तिच्या घरी गेले. अंगणात सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली, हँडल वाकडं. मुलीच्या कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालेलं. तिच्या अम्मीने चहा ठेवला. अब्बा सेंट्रिंगच्या कामावर जाणारे, बोलायला मोजके. म्हणाले, "मॅडम, सायकल वापस ले जाओ. लडकियों के वास्ते नइं बनी ये चीज."

मी म्हटलं, भाई, ही मुलींसाठीचीच आहे. लेडीज सायकल आहे.

"लेडीज है, तो भी गिरी ना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. झालं असं होतं की बुरख्याचा घेर मागच्या चाकात गेला. चाक अडकलं, सायकल थांबली. पाय टेकवावा तर सीट उंच, पाय जमिनीला लागेना. ती कोलमडली ती सरळ डांबरी रस्त्यावर. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक मारला म्हणून, अल्लाहचा शुक्र, आज ही गोष्ट मी अशी निवांत सांगू शकते.

परत येताना मला माझी स्वतःची सायकल आठवली. म्हणजे माझी नव्हेच, भाईजानची, काळी, 22 इंची, जड. मधल्या दांडीखालून एक पाय पलीकडे घालून, अंग वाकडं करून आम्ही शिकलो. सीटवर बसायला मिळालं तेव्हा मी 9वीत होते. बीएडला असताना एकदा माझाही बुरखा चेनमध्ये सापडला. भर बाजारात. चार माणसं जमली, एकाने कात्री आणली. काळ्या ग्रीसने माखलेला तुकडा हातात घेऊन मी चालत घरी आले आणि त्यानंतर वीस वर्षं सायकलला हात लावला नाही. या वीस वर्षांत मला एकदाही वाटलं नाही की चूक सायकलची असू शकते. चूक माझी, माझ्या कपड्याची, माझ्या वेंधळेपणाची. त्या मुलीचंही तेच झालं होतं. ती मला सारखी सांगत होती, "आपा, मेरे कू चलानाच नइं आता."

सोमवारी मी तिच्या अब्बांना तयार करून सायकल बाजारातल्या मिस्त्रीचाचांकडे नेली. सत्तरीचे असतील. त्यांनी सायकलकडे पाहिलंच नाही, आधी मुलीकडे पाहिलं. तिला सायकलच्या शेजारी उभं केलं, मग सीटवर बसवलं. दोन्ही पाय लोंबकळत होते. चाचा तिच्या अब्बांना म्हणाले, "अपने नाप का जूता बच्ची को पिनाते क्या?"

मग काम सुरू झालं. सीटचा नट सैल करून सीट पार खाली घेतली. आता बसल्या जागेवरून तिचे चवडे जमिनीला लागत होते. शिकाऊ मुलीला एवढं आधी हवं. सराव झाला की सीट थोडी वर घ्यायची, पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी, म्हणजे दम कमी लागतो. हँडल सरळ करून थोडं तिच्याकडे वळवलं, कारण ते धरायला तिला पुढे ओणवं व्हावं लागत होतं. ब्रेकची मूठ तिच्या बोटांना पुरत नव्हती; ती आत घेतली. चेनचं कव्हर अर्धंच होतं, ते काढून पूर्ण झाकणारं बसवलं. आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, मोटरसायकलला साडी गार्ड असतो ना, तशी जाळी. पाऊण तास लागला. पैसे किती झाले ते सांगत नाही, पण ईदला आपण बांगड्यांवर याहून जास्त घालवतो.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला. बायकांची सायकल पुरुषांच्या सायकलपेक्षा वेगळी असायला हवी की नको? मी शिक्षिका, प्रश्न पडला की पुस्तकं उघडायची सवय.

आजच्या सायकलचा साचा 1885चा. इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ले यांनी सारख्या उंचीची दोन चाकं आणि मागच्या चाकाला चेन अशी 'रोव्हर' सायकल आणली. त्याआधी पुढे भलंमोठं चाक आणि मागे चिमुकलं, अशा सायकलवर चढणं म्हणजे कसरत. रोव्हरनंतर काही वर्षांतच बायकांच्या सायकली निघाल्या: दांडी खाली वाकवलेली, चेन झाकलेली, मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी विणलेली. हे सगळं कशासाठी? तिकडच्या बायकांच्या पायघोळ झग्यांसाठी. बाईचं शरीर कुणी मोजलंच नव्हतं, मोजला होता तिचा पोशाख. पुढे पोशाख बदलला तशा जाळ्या गेल्या, चेनकव्हर अर्धी झाली, वाकवलेली दांडी मात्र राहिली आणि तिलाच 'लेडीज' नाव पडलं. आपल्याकडे पोहोचली ती ही सायकल. आपल्या सलवारीला, साडीला, बुरख्याला ज्या दोन गोष्टींची खरी गरज, नेमक्या त्याच वाटेत गळून पडल्या होत्या.

दांडी वाकवण्याची किंमतही असते. सरळ दांडीने सायकलचा सांगाडा घट्ट बांधला जातो. ती खाली घेतली की तेवढाच मजबूतपणा आणायला जास्त लोखंड लागतं, सायकल जड होते. 1894 साली अॅनी लंडनडेरी नावाची तीन मुलांची आई अमेरिकेतल्या बोस्टनहून सायकलवर जगप्रवासाला निघाली. तिला दिलेली बायकांची सायकल 42 पौंडांची, म्हणजे 19 किलोची. शिकागोला पोहोचेपर्यंत ती मेटाकुटीला आली. तिथे तिने पुरुषांची सायकल घेतली, तिचं वजन बरोबर निम्मं. पण त्यासाठी झगा सोडून तिला विजारीसारखा पोशाख घालावा लागला. म्हणजे सायकल बदला नाहीतर कपडे बदला, हा पेच आपला एकट्यांचा नाही.

मग शरीराचं काय? सरासरीने बायका बुटक्या, खांदे अरुंद, हात लहान, कमरेखालची हाडं थोडी रुंद. म्हणून सरळ बसून चालवणाऱ्या बहुतेक बायकांना जराशी रुंद सीट बरी पडते. 1985 साली अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनिअर बाईंनी बुटक्या बायकांसाठी सायकली बनवायला सुरुवात केली. पुढचं चाक मुद्दाम लहान ठेवलं, म्हणजे हँडल जवळ आलं. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनीही बायकांच्या वेगळ्या सायकली काढल्या. पण पुढे हजारो माणसांची मापं घेतली तेव्हा दिसलं की दोन बायकांमधला फरक हा सरासरी बाई आणि सरासरी पुरुष यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. आमच्या 8वीतच पाहा ना. माझी ती चिमणी आणि तिच्या बाकावरची साडेपाच फुटी मैत्रीण, दोघी 'लेडीज'. दोघींना एकच सायकल!

तेव्हा माझं मत असं झालं आहे. मापाची सायकल प्रत्येकाला हवी, मग ती मुलगी असो वा मुलगा. आणि जाळी, पूर्ण चेनकव्हर व खाली घेतलेली दांडी सैल कपडे घालणाऱ्या प्रत्येकाला हवी. चेनला लुंगी आणि बुरखा यांतला फरक कळत नाही. यात नवं काही नाही. अरबस्तानात उंट काही बायकांसाठी वेगळा जन्माला येत नव्हता, उम्मुल मोमिनीन हजरत आयेशा (रजि.) त्याच उंटावर हौदजमध्ये बसून प्रवास करीत. वाहन तेच, बसण्याची सोय वेगळी. पडदा आहे म्हणून प्रवास नको, असं कुणी म्हटलं नाही.

आणि उलट बाजूही आहे. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 नंतर साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. त्यांत मुस्लिम तरुणीही होत्या, सुरुवातीला टोमणे खाल्लेल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी यावर लिहिलं आहे. मोहीम इतकी पेटली की लेडीज सायकली मिळेनाशा झाल्या. तेव्हा बायकांनी सरळ जेंट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त आवडल्या. का? तर पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं! हे वाचून मी एकटीच हसले. आम्ही इथे दांडी नको म्हणून भांडतोय, आणि तिथल्या आयांना तीच हवी होती. बायकांना काय हवं हे ठरवणाऱ्यांनी आधी बायकांना विचारावं, एवढं साधं आहे हे.

पण एक गोष्ट लपवणार नाही. सायकल दुरुस्त झाली तरी मुलगी लगेच शाळेत आली नाही. तिच्या अब्बांची भीती फक्त चाकाची नव्हती. रस्त्यावर एक चहाची टपरी आहे, तिथे पोरं बसतात. जाळी कितीही चांगली लावा, त्या पोरांना ती लागू पडत नाही. शेवटी वस्तीतल्या तीन मुली एकत्र निघतील असं ठरलं, आणि टपरीवाल्याशी तिचे अब्बा स्वतः बोलून आले. काय बोलले ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. तिच्या दादीने तिचा बुरखा चार बोटं आखूड करून घेर थोडा आत घेतला, तोही न सांगता. मला वाटत होतं विरोध दादीचाच असेल.

आता शाळेत सायकली यायच्या महिनाभर आधी मी टेप घेऊन मुलींची उंची आणि पायाची लांबी लिहून घेते. वर पाठवते. एकदा उत्तर आलं की सायकली एकाच मापात येतात. ठीक आहे, मी पुन्हा पाठवते. तोवर चाचा आहेत. दर जुलैत एक शनिवार ते पाने घेऊन आमच्या पटांगणात बसतात, मजुरी घेत नाहीत, फक्त सामानाचे पैसे.

ती मुलगी यंदा 10वीला आहे. उंच झाली, सीट तीनदा वर गेली. मागच्या महिन्यात पालकसभेला तिचे अब्बा आले ते त्याच सायकलवर. मी बघतच राहिले. म्हणाले, पाडावरून पडल्यापासून गुडघा वाकत नाही, जेंट्स सायकलच्या दांडीवरून पाय टाकवत नाही. ही बरी पडते. रोज फजरला मशिदीत हीच नेतो, सात वाजेपर्यंत पोरीला परत.

मी म्हटलं, भाई, लेडीज सायकल आहे ती. कुणी काही म्हणत नाही?

ते हसले. "फजर के टाइम अंधेरा रहता, मॅडम."