ओल झाकू नका, ओल शोधा

आमचे वडील गिरणीत कामाला होते. मुंबईतल्या बैठ्या चाळीतली ही खोली त्यांनी घेतली, तेव्हा दोन पायऱ्या चढून घरात यावे लागे. आज एक पायरी उतरून यावे लागते. घर काही खचले नाही, रस्ता वर गेला. दर काही वर्षांनी जुन्या रस्त्यावर खडी-डांबराचा नवा थर पडत गेला आणि आम्ही जागच्या जागी खाली गेलो. श्रीमंतांच्या बंगल्यांना तळघर असते म्हणतात. आम्हाला ते न बांधताच मिळाले.

तळघर म्हटले की ओल आलीच. जुलै उजाडला की रस्त्याकडच्या भिंतीला खालून पांढरा क्षार फुटायचा, रंगाचे पोपडे सुटायचे. वर कोपऱ्यात आणि कपाटामागे बुरशीचे काळे ठिपके यायचे. कुबट वास तर पाहुण्यांच्या आधी दारात उभा. दर दिवाळीला आम्ही भिंत खरवडायचो आणि ऑइलपेंट मारायचो. तेवढ्यानेही झाकले नाही म्हणून गोदरेजचे कपाट त्या भिंतीला चिकटवून ठेवले. दिसत नाही म्हणजे नाही, अशी मनाची समजूत.

आमची धाकटी मुलगी सात वर्षांची. पावसाळ्यात तिला रात्रीचा खोकला यायचा. छातीत शिटी वाजायची. उशी उभी करून तिला बसवावे लागायचे. औषधाच्या बाटल्या संपत, खोकला संपत नसे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारले, "मुलगी झोपते कुठे? घरात ओल, बुरशी आहे का?"

आम्ही म्हणालो, "नाही बाई. घर अगदी स्वच्छ असते आमचे."

वाचकहो, हे आम्ही खोटे बोललो. मुलगी त्याच भिंतीला लागून झोपत होती. पण बुरशी म्हटली की लोक घाणेरडेपणा समजतात, आणि आपले घर घाणेरडे आहे हे कोणी म्हणू नये, यासाठी आपण जन्मभर किती झटतो ते सांगायला नको. त्या रात्री मुलगी पुन्हा खोकत बसली, तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि खरे सांगितले. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बुरशीचे सूक्ष्म बी हवेत सगळीकडेच असते. ते श्रीमंताच्या घरातही असते. त्याला फक्त ओल लागते. ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा-खोकल्याचा त्रास जास्त होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच सांगून ठेवले आहे. मुलीची जागा आजच बदला."

मग ओळखीच्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी भिंत ठोकून पाहिली आणि म्हणाले, "दादा, भिंत बरी करायची की झाकायची?"

त्यांनी प्लास्टिकचे दोन तुकडे भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवले, एक खाली आणि एक वरच्या कोपऱ्यात. दोन दिवसांनी पाहिले. खालच्या तुकड्याच्या आत, भिंतीकडून पाणी होते. वरच्या तुकड्यावर खोलीच्या बाजूने दव होते. म्हणजे दुखणी दोन. खाली जमिनीचे पाणी भिंत चढत होते. वर आमच्याच चुलीची आणि ओल्या कपड्यांची वाफ गार भिंतीवर बसत होती.

खालच्या दुखण्यासाठी आधी घराबाहेर पाहिले. भिंतीला लागून वर्षानुवर्षांचे डेब्रिज पडले होते, ते उपसले. गटार मोकळे केले. मोरीचा गळका पाइप बदलला. आतला ऑइलपेंट काढून टाकला, कारण तो भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही. दिवाळीनंतर सुटलेला गिलावा फोडला, उन्हाळाभर भिंत सुकू दिली, मग नवा गिलावा करून चुना दिला.

वरचे दुखणे बिनपैशाचे. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले. भात झाकण ठेवून शिजवतो. कपडे खोलीत न वाळवता बाहेर पत्र्याखाली टाकतो. पाऊस उघडला की दार-खिडकी उघडून पंखा लावतो.

बुरशी काढताना भगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे. कोरड्या झाडूने ती झटकू नये, घरभर उडते. नाकातोंडावर मास्क लावून साबणाच्या पाण्याने भिजवून पुसावी, जागा कोरडी करावी, फडके फेकून द्यावे. ब्लिचिंगचे पाणी आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये, विषारी वायू निघतो. दम्याच्या माणसाने हे काम करू नये. बुरशी लागलेली कापसाची गादी धुऊन सुधारत नाही. आईने लग्नात दिलेली गादी आम्हाला टाकावी लागली. जीव तुटला, पण टाकली.

आता सगळे छान झाले असे सांगणार नाही. रस्ता अजून वरच आहे. मोठ्या पावसात खालची एक वीत भिंत अजून ओली होते. मुलीचा औषधाचा पंप फळीवर असतो. पण गेल्या पावसाळ्यात ती पुष्कळ रात्री सलग झोपली आणि आम्हीही झोपलो.

ज्यांच्या भिंतीला ओल आहे, त्यांना एवढेच सांगणे. रंगाच्या डब्याला पैसे घालण्याआधी पाणी येते कुठून ते शोधा. आणि डॉक्टरांनी विचारले तर खरे सांगा. भिंतीची ओल ही आपली लाज नव्हे. ती लपवताना लेकराचा श्वास कोंडला, तर मात्र दोष आपला.