डाव्या अंगाचं ओझं

मुलुंड पूर्व, मंगळवार

ती. बाबांना सा. न.

आईला फोनवर ‘गाडी कामाला लावलीय’ एवढंच सांगितलं. तुम्हाला मात्र नीट लिहिते, कारण तुमचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे : पाटा कुठून तुटला?

मधून नाही. सेंटर बोल्टचं भोक शाबूत आहे, यू-बोल्टही घट्ट होते. मागच्या डाव्या बाजूचा मेन पाटा पुढच्या टोकाला तुटला, जिथं तो वळवून बुश बसवलेला असतो तिथंच. कसारा घाट विनातक्रार उतरलो. पुढं भिवंडी बायपासच्या खड्ड्यांत एकदा मोठा आवाज झाला, पण गाडी सरळ चालत राहिली. आनंदनगर नाक्यावर लहान गाड्यांचा टोल २०२४च्या ऑक्टोबरपासून माफ आहे, त्यामुळं तिथंही थांबणं झालं नाही. नाका ओलांडल्यावर मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून आम्हाला बाजूला घ्यायला लावलं. ‘ताई, गाडी डावीकडं बसलीय, टायर घासतोय.’ खाली उतरले तर रबराचा वास येत होता. त्या माणसाचे आभार मानायच्या आत तो निघून गेला. दुसऱ्या पाट्याचं टोक मेन पाट्याच्या वळणावर आलेलं असल्यामुळं ॲक्सल जागच्या जागी राहिला. नाहीतर हमरस्त्यावर काय झालं असतं याचा विचार नको वाटतो.

गाडी पायी चालल्यासारखी हळू हळू भांडुपला, एलबीएस मार्गाच्या आतल्या गल्लीतल्या एका गॅरेजात नेली. मिस्त्रींनी जॅक लावून मागची बाजू घोड्यांवर चढवली आणि आधी आम्हाला सामान काढायला सांगितलं. मी म्हटलं, आम्ही रात्री आतच झोपू, तीच आमची खोली. त्यांनी साफ नकार दिला. ‘घोड्यावरच्या गाडीत मी माणूस झोपू देत नाही. अंगणात खाट देतो हवं तर.’ मला ते फार आवडलं. शेवटी आत्यांकडं नवघरला आलोय. दोन खोल्यांत आता सात माणसं आहेत. आत्या म्हणतात, दिवाळीच आली म्हणायची. चिऊ खूश आहे, तिला चुलतभावंडं मिळाली.

घाटकोपर, गुरुवार

बाबा, आज तुमची फार आठवण आली. पाटे आणायला मिस्त्रींबरोबर कुर्ल्याला गेले होते. सीएसटी रोडला कलिन्यापर्यंत सुट्या भागांची दुकानं आहेत. कुणाकडं फक्त रेडिएटर, कुणाकडं फक्त दिवे आणि आरसे, कुणी जुने गिअरबॉक्स उघडून बसलेला. आपली गाडी मूळची शाळेची मिनीबस, तिचे पाटे मिळतील की नाही अशी धाकधूक होती. दुकानदारानं तुटका तुकडा हातात घेतला, रुंदी-जाडी मोजली आणि माळ्यावरच्या पोऱ्याला हाक मारली. झालं!

मिस्त्रींचे वडील कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात होते. वालचंद हिराचंदांची ती कंपनी १९४४ची. पद्मिनी तिथंच बनायची. कारखान्याच्या जागेवर आता इमारती आहेत, पण रस्त्याला लोक अजून प्रीमियर रोडच म्हणतात. तिकडं कांदिवलीत महिंद्रा, मधल्या पट्ट्यात अंधेरी-मरोळच्या एमआयडीसीतले कारखाने. या कारखान्यांच्या अवतीभवती घडलेली माणसं पुढं या गल्ल्यांत आली, त्यांच्या हाताखाली पोरं तयार झाली. तुमच्या एस.टी.त दापोडीच्या वर्कशॉपात जे शिकवायचे, ते इथं काम करता करता हातात येतं. आता एलबीएस मार्गावर मेट्रो चारचे खांब उभे आहेत आणि गॅरेजच्या दोन्ही बाजूंच्या चाळी पाडायला निघाल्यात. मिस्त्रींना विचारलं, तुम्ही कुठं जाणार? ‘भिवंडीला जागा बघितलीय. पण तिथवर तुटका पाटा घेऊन कोण येणार?’

याचं मला मनापासून वाईट वाटतं. राज्यानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या उभ्या करायला पार्क हवेत हे त्यात मान्य केलंय, आणि ते योग्यच आहे. पण अशी गाडी रस्त्यावर टिकते ती या गल्ल्यांच्या जिवावर. नव्या टॉवरांच्या नकाशात एखादा मजला, निदान एखादा गाळा लेथसाठी नि पाटेवाल्यासाठी राखायला काय हरकत आहे?

जुने बुश पार झिजलेले निघाले. तयार माप मिळेना म्हणून साकीनाक्याच्या लेथवर पितळी बुश काढून घेतले. घाटकोपरहून मेट्रो असल्यामुळं तिथवर जाणं-येणं चुटकीसरशी झालं. २०१४च्या जूनमध्ये ही लाइन सुरू झाली, त्याआधी घाटकोपर-अंधेरी म्हणजे लोकांचा अर्धा दिवस रस्त्यातच जायचा असं आत्या सांगतात. परत येताना पर्समध्ये बुश. तपासणीच्या यंत्रातून पर्स गेली तेव्हा पोलीसबाईंनी ते उघडून पाहिले आणि ‘कुठल्या गाडीचे?’ एवढंच विचारलं. त्यांचा भाऊ रिक्षा दुरुस्त करतो म्हणे.

आता मुख्य गोष्ट. मी मिस्त्रींना म्हटलं, डाव्या बाजूला एक पाटा वाढवून टाका. त्यांनी मान हलवली. ‘पाटा वाढवला तर दणका चेसिसवर जाईल, उद्या हँगर फाटेल. आधी पाण्याची टाकी कुठं आहे ते दाखवा.’ टाकी डावीकडं. फ्रिज डावीकडं. इन्व्हर्टरची दीडशे एएचची बॅटरी तीही डावीकडं, टाकीच्या मागं. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, वर बॅटरीचे पन्नासेक. गाडीचं घर ज्यानं बांधलं त्यानं दरवाजा नि नळजोड सोयीचे पडावेत म्हणून सगळं एका अंगाला लावलं होतं. आतून फार सुबक दिसायचं ते. काम झाल्यावर आधी वजनकाट्यावर जायचं, नुसती डावी चाकं काट्यावर ठेवून वजन घ्यायचं, मग उजवी, असं ठरलंय.

बोरिवली, रविवार

झालं एकदाचं. दोन्ही बाजूंचे पाटे बदलले. एकाच बाजूचे नवे घातले असते तर गाडी उलट्या अंगाला कलली असती, हे तुम्हीही सांगितलं असतंत. बॅटरी उजव्या बाकाखाली गेली. मोठी टाकी काढून दोन लहान टाक्या, दोन्हीकडं एकेक, मध्ये जोडनळी आणि तिला बंद करायचा कॉक, म्हणजे वळणावर सगळं पाणी एका बाजूला धावणार नाही. हे कॉकचं डोकं मिस्त्रींच्या पोऱ्याचं. जेमतेम मिसरूड फुटलेला मुलगा! काट्यावर आता दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आल्या. खर्च ठरवल्यापेक्षा बराच वाढला, पण एकाही पैशाबद्दल माझी तक्रार नाही. स्वयंपाकाचा ओटा मात्र एक वीत लहान झाला, त्यावर आईनं काही बोलू नये.

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडनं निघालो, पवईच्या चढावर गाडीनं कुरकुर केली नाही. आज मुक्काम राष्ट्रीय उद्यानाजवळ मैत्रिणीच्या सोसायटीबाहेर. गाडी कमानीखालून जात नाही, म्हणून वॉचमननं स्वतः पुढं होऊन रस्त्याकडेला जागा करून दिली. उद्या सकाळी दहिसर ओलांडून डहाणूकडं.

मिस्त्रींनी बजावलंय, नवे यू-बोल्ट चारपाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचेच, पाटे बसतात तसे बोल्ट ढिले पडतात. म्हणजे साधारण सुरतच्या पुढं. ह्यांच्याकडचा पाना तोकडा पडतो. तुमचा आगारातला लांब दांड्याचा पाना बळदात असेल तर डहाणूच्या पत्त्यावर पार्सलनं पाठवा, तिथं आम्ही शनिवारपर्यंत आहोत. त्याच्याबरोबर चिऊचा हिरवा स्वेटरही टाका.

तुमची,
ताई

ता. क. तुटलेला पाटा टाकलेला नाही. मिस्त्री म्हणाले, त्याचा चांगला कोयता होईल. आपल्या लोहाराला विचारून ठेवा.