आधी आसई, मग रणगाडे

ह्या वीकांताचं प्लॅनिंग आमच्या ऑफिसातल्या रिलीजपेक्षा अवघड निघालंय. भाचा दहावीत आहे आणि त्याला संभाजीनगरच्या एसपीआयला जायचंय. एसपीआय म्हणजे एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी संस्था, १९७७ पासूनची. ताईचा साफ नकार. मग त्याने मला मस्का मारला, "मामा, निदान नगरचं रणगाडा संग्रहालय तरी दाखव."

संग्रहालय झकासच आहे म्हणा. १९९४ साली सुरू झालेलं, लष्कराचं. रोल्स-रॉइसची चिलखती गाडी, १९६५ च्या युद्धात पकडलेले पॅटन, आपल्याकडे आवडीच्या कारखान्यात बनलेला विजयंता. जालन्याहून संभाजीनगरमार्गे गेलं तर एका दिवसात आरामात जाऊन येता येतं.

पण बाबांनी अट घातली: आधी आसई.

आसई आपल्याच जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली इथेच लढला. हाच पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन. तरी म्हातारपणी स्वतःची सर्वात चांगली लढाई म्हणून त्याने नाव घेतलं ते आसईचं! केळणा नदीला उतार नाही असं वाटाडे सांगत होते. समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली तेव्हा ह्याने ताडलं, की ये-जा असणार म्हणजे उतारही असणार. (डीबगिंग म्हणतात ते हेच.)

शिंद्यांचे गोलंदाज मात्र जबरदस्त. इंग्रज अंगावरून पुढे गेले तेव्हा काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि मग उठून त्यांनी तोफा उलट्या फिरवल्या. इंग्रजांचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. शिंद्यांच्या ९८ तोफा गेल्या.

बाबांचं म्हणणं एवढंच, की रणगाडे रंगरंगोटी करून उभे असतात, पोरगं फोटो काढून मोकळं होईल. आसईला बघायला आहेत शेतं आणि दोन नद्या. तिथे उभं राहून त्याने सांगावं, जायचं की नाही. मला हे पटलं. भाच्याला अजिबात नाही. :)

असो. शनिवारी सकाळी सहाला निघायचं, ऊन चढायच्या आत नदीवर पोचायचं. रविवारी नगर.

काल रात्री ताईचा फोन आला. आसईला तीपण येतेय. नगरचं विचारलं तर म्हणाली, "ते शनिवारी संध्याकाळी सांगते."