मानेवरच्या गाठी

२०२२ चा भादवा. धार काढायला गेलो तर गायीच्या मानेवर हाताला गाठी लागल्या. आई म्हणाली, "गोचीड असंल." गोचीड नव्हता, लम्पी होता. घोडेगावचा जनावरांचा बाजार बंद, पाहुण्यांच्या गोठ्यात जायची चोरी. लस आली ती शेळ्यांच्या देवीची. गायीला तीच चालते हे आईला पटेना. तरी बाकीच्या दोघींना टोचून घेतली. आजारी गाय लांब बाभळीखाली बांधली, तिन्हीसांजेला माश्या-डासांसाठी कडुनिंबाचा धूर केला. ती हंबरली की दावणीचं वासरू कान टवकारायचं. मेलेल्या गायीला सरकारनं ३० हजार जाहीर केले होते. आमचा किराणा मात्र डेअरीच्या दहा दिवसांच्या पगारावर. एकविसाव्या दिवशी तिनं घासाची पेंढी ओढली. आईनं सगळी पाटीच उपडी केली. दूध त्या वेताला काही पहिल्यासारखं आलं नाही.