खिडकी एकच होती

तुम्ही कधी एखादी वेबसाइट उघडलीत आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरणारं चक्र बघत बसलात का? अशा वेळी आपण पटकन म्हणतो, "इंटरनेट स्लो आहे." मीही एकदा तसंच म्हणालो होतो. पण चूक इंटरनेटची नव्हती, माझी होती. त्याचीच ही गोष्ट.

मी न्यू जर्सीत राहतो. वेबसाइट बनवणं हे माझं काम. एका वर्षी आमच्या मराठी मंडळाने गणपतीच्या जेवणाची नोंदणी ऑनलाइन करायचं ठरवलं. ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. नाव भरलं की जेवणाचं कुपन ईमेलने जायचं. माझ्या लॅपटॉपवर सगळं मस्त चालत होतं.

नोंदणी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी एका काकूंचा फोन आला.

"अरे, तुझं ते पान सकाळी उघडलं होतं. आता संध्याकाळी काही केल्या उघडत नाही."

"काकू, तुमचा फोन जुना झालाय," मी म्हणालो. "वायफाय बंद करून परत चालू करा."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्याच रात्री माझ्याही स्क्रीनवर ५०४ हा आकडा आला. ५०४ म्हणजे काय? आमच्या साइटच्या दारात एन्जिनएक्स नावाचा सर्व्हर होता. तो आलेल्या माणसाचा निरोप आत माझ्या प्रोग्रामला द्यायचा आणि उत्तराची वाट बघायचा. साठ सेकंदांत उत्तर आलं नाही, की तो ५०४ दाखवून मोकळा!

मी काय केलं? साठचे तीनशे सेकंद केले. ५०४ गेला, पण लोक आता पाच-पाच मिनिटं चक्र बघत बसले. मग मी जास्त पैसे देऊन मोठा सर्व्हर घेतला. तरी काहीच फरक नाही.

शेवटी मी शांतपणे लॉग वाचायला बसलो. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी: कोण आलं, कधी आलं, किती वेळ लागला. सकाळी माणसं एकेक करून येत होती. संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर, सगळी एकदम येत होती. म्हणजे काकूंनी मला पहिल्याच वाक्यात खूण सांगितली होती: सकाळी चालतं, संध्याकाळी नाही. मी ऐकलंच नव्हतं.

आता खरं कारण सापडलं. माझा प्रोग्राम गनिकॉर्नवर चालत होता. तुम्ही स्वतः आकडा दिला नाहीत, तर गनिकॉर्न एकच वर्कर ठेवतो. म्हणजे तिकिटाची खिडकी एकच! त्यात कुपनाचा ईमेल जाईपर्यंत ती खिडकी आठ सेकंद अडकून राहायची. आता हिशोब करा. रांगेत आठवा माणूस असेल, तर त्याला आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्ट सेकंद लागणार. साठ सेकंदांची मर्यादा तिथेच संपली. गंमत म्हणजे सर्व्हर दमला नव्हता. तो रिकामा बसून ईमेलची वाट बघत होता. मग मोठा सर्व्हर घेऊन काय उपयोग?

गनिकॉर्नच्या माहितीपुस्तिकेत एक सोपं सूत्र आहे: प्रोसेसरच्या कोअरची दुप्पट, अधिक एक. माझ्याकडे दोन कोअर होते, म्हणून मी पाच वर्कर ठेवले. मग ईमेलचं काम वेगळं काढलं. आधी "नोंद झाली" असं सांगायचं, कुपन मागाहून पाठवायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पान झटकन उघडलं.

मी काकूंना फोन केला. "काकू, तुमचा फोन चांगला आहे. चूक माझी होती."

"अरे देवा!" त्या म्हणाल्या. "मी तर मुलाला नवा फोन मागवायला सांगितला! आणि मला वाटलं, आपल्यालाच हे जमत नाही. यंदा जेवणाचं राहू दे म्हटलं."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. माझ्या एका सेटिंगमुळे त्या स्वतःलाच दोष देत होत्या. त्यांची नोंदणी मी फोनवरच करून घेतली.

तुमच्यापैकी काहीजण पुढे प्रोग्रामिंग शिकाल. तेव्हा कोणी "चालत नाही" असं म्हणालं, तर सेटिंगला लगेच हात लावू नका. आधी विचारा, "कधी चालतं? कधी चालत नाही?" आणि उत्तर पूर्ण ऐका.