ताथवड्याचा फ्लॅट, व्हाया अहमदपूर

शुक्रवारी रात्री नऊला वाकडच्या पुलाजवळ एकदा उभं राहून बघा. गळ्यात अजून ऑफिसचं आयकार्ड, पाठीवर लॅपटॉपची सॅक, हातात बाकरवडीचा पुडा आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. ट्रॅव्हल्स कधी येणार? नांदेड, लातूर, उदगीर, परभणी... गाड्यांच्या काचांवर अख्खा मराठवाडा लिहिलेला असतो. सोमवारी पहाटे हीच गर्दी याच पुलाजवळ उतरते. बाकरवडीच्या जागी आता तूरडाळ, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची बरणी. काही जणांकडे आणखी एक गोष्ट असते, जी सॅकमध्ये दिसत नाही. फ्लॅटचं डाउन पेमेंट.

दिवाळीनंतरच्या त्या शुक्रवारी मीही गर्दीत होते. डाउन पेमेंट माझ्या दादाचं होतं. माझ्याकडून हवी होती फक्त एक सही.

आधी दादाचा हिशेब ऐका, म्हणजे सहीचं येईल लक्षात. दादा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. त्याने ताथवड्यात टू बीएचके बुक केलाय, चौदावा मजला, ८० लाख. एवढ्या कर्जाला बँक किमतीच्या फार तर ८० टक्के देते, म्हणजे ६४ लाख. उरले १६. बिल्डिंग अजून बांधतायत, म्हणून ५ टक्के जीएसटी, ४ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के, ५ लाख ६० हजार. नोंदणीचे ३० हजार. टोटल २५ लाख ९० हजार, आणि अजून किचनमध्ये एक ट्रॉलीसुद्धा बसलेली नाही! कर्जाचा हप्ता, साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं धरली तर, महिन्याला साडेपंचावन्न हजार. तो दादा भरेल. पण हे वरचे २६ लाख?

"पप्पा बघतील."

ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये आपण ईएमआयवर तासन् तास बोलतो. फ्लोटिंग की फिक्स्ड, कुठली बँक, प्रीपेमेंट कधी. हे दोन शब्द मात्र कोणी उच्चारत नाही. मी फ्रीलान्सर, मला तर बँक दारातच विचारते, "सॅलरी स्लिप नाही? मग तीन वर्षांचे रिटर्न्स आणा." त्यामुळे माझ्या फ्लॅटचा प्रश्न सध्या तरी उद्भवत नाही.

थेट लातूरला न उतरता आधी नांदेड गाठलं, कारण जमिनीचं गिऱ्हाईक मामाने आणलं होतं आणि कागदांचा मसुदा त्याच्याकडे होता. (पुण्यात 'नांदेडला चाललेय' म्हटलं की कुणीतरी विचारतंच, "नांदेड सिटी? सिंहगड रोडची?" नाही हो. ते नांदेड वेगळं, हवेली तालुक्यातलं गाव. तिथल्या शेतकऱ्यांनी सुमारे ७०० एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि स्वतः भागीदार होऊन टाउनशिप उभी केली. आमच्या नांदेडची जमीनही पुण्यातल्या इमारतींत गेलीय, पण किरकोळीत. एकेक एकर, एकेक प्लॉट करून. आणि भागीदारी कुणालाच मिळाली नाही.)

नांदेडला पहाटे उतरलात तर रिक्षावाल्याला सरळ 'गुरुद्वारा' सांगा. १७०८ मध्ये गुरू गोबिंदसिंगजींचं इथेच निर्वाण झालं. सचखंड साहिबची आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांनी १८३० च्या दशकात बांधवून घेतली. त्या वेळी पांढरा संगमरवर अजून निळसर असतो, कीर्तन चालू असतं आणि रात्रभर स्लीपर कोचमध्ये आपटलेलं डोकं शांत होतं. लंगरचा चहा घ्या. मग पुढची कामं.

मामाचं घर तरोड्याच्या बाजूला. दोन मजली बंगला, पुढे पेरूचं झाड, आणि बंगल्यात फक्त मामा-मामी. दोन्ही मुलं विष्णुपुरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून शिकली आणि पुण्याला गेली. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली, तेव्हा या शहरात रस्ते रुंद झाले, पूल आले, हॉटेलं आली, आणि प्लॉटचे भाव असे काही उडाले की ते परत खाली आलेच नाहीत. मामाचं लाडकं वाक्य आहे, "आठच्या आधी ज्यानं घेतलं तो वाचला." मामाने आधी घेतलं होतं. गावाकडचं शेत विकून. हे शेत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्वारीची भाकरी, वरण, ठेचा. मामा जमिनीच्या व्यवहारांइतकाच लग्नांच्या व्यवहारांतही तरबेज. दादासाठी स्थळं तोच बघतोय. त्याने मोबाइलवर एकेक बायोडेटा दाखवला आणि मुलीकडच्यांच्या अपेक्षा वाचून दाखवल्या. पुण्यात नोकरी. पुण्यात स्वतःचा फ्लॅट. गावाकडे शेती.

"फ्लॅट नाही म्हटलं की पुढं बोलणंच होत नाही गं," मामा म्हणाला.

"आणि शेती विकून फ्लॅट घेतला तर?"

"तर मग शेती किती, असं विचारतात." तो हसला. मीही हसले. पण विचार करा, मुलाकडे दोन्ही पाहिजे, आणि एक आणायला दुसरं मोडावं लागतं! दादाची घाई नेमकी कशासाठी आहे, हे मला पुण्यात कळलं नव्हतं. ते तरोड्याच्या ओट्यावर कळलं.

नांदेड ते लातूर एसटीने तीनेक तास. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर. खिडकीची जागा पकडाच. सोयाबीन निघून गेलेली काळी रानं, मध्येच हरभऱ्याचे कोवळे कोंब, आणि उभी तूर. गाव जवळ आलं की पिकाआधी बोर्ड दिसायला लागतात. 'एन.ए. प्लॉट्स', 'रोड टच', 'सुलभ हप्ते'. आखलेले रस्ते, सिमेंटचे खांब, आणि आत गुडघाभर गवत.

प्रवासात मी एक उद्योग केला. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. बाजारात अनेकदा तेवढाही मिळत नाही, पण धरू. एकरी आठ क्विंटल धरू. दादाच्या २६ लाखांसाठी ४८८ क्विंटल सोयाबीन लागेल. म्हणजे ६१ एकरांचा एक अख्खा हंगाम. बियाणं, खत, फवारणी, मजुरी काहीही न वजा करता! आमची शेती चार एकर. थोडक्यात, शेती पिकवून ताथवड्यात घर होत नाही. शेती विकूनच होतं.

लातूरमध्ये शिरलात की पहिल्यांदा दिसतात क्लासेसची होर्डिंग्ज. टॉपर्सचे चेहरे, मार्क, रँक. 'लातूर पॅटर्न' म्हणून जे राज्यभर गाजलं, त्याच्या मागे एक दुसरा पॅटर्न आहे आणि त्याचं होर्डिंग कुठेच नाही. आई पोरांना घेऊन लातूरला खोली करते, वडील गावाकडे नोकरी आणि शेती बघतात. २०१० मध्ये दादा अकरावीला आला तेव्हा आम्ही तिघं दोन खोल्यांत राहायला आलो. पप्पा जिल्हा परिषदेचे शिक्षक, शनिवारी संध्याकाळी यायचे. पिशवीत दूध, भाज्या आणि भाड्याचे पैसे. मुलांच्या घराला आईवडिलांची मदत लग्नाच्या वयात सुरू होते, असं कोण म्हणतं? आमच्याकडे ती सोळाव्या वर्षी सुरू झाली.

संध्याकाळी गंजगोलाईला चक्कर मारलीच पाहिजे. मधोमध देवीचं मंदिर, भोवती गोल बाजारपेठ आणि तिथून चहूकडे फुटणारे सोळा रस्ते. सराफा, कापड, भांडी, मसाले, प्रत्येकाचा रस्ता वेगळा. पुण्याच्या मॉलमध्ये हरवणाऱ्या माझ्यासारखीलाही इथे कधी रस्ता चुकत नाही. बाहेर गाड्यावर निलंगा राइस खाल्ला. पिवळाधमक, गरम, आणि पुण्यात कुठेही अस्सा मिळत नाही.

घरी पप्पा वाट बघत होते. समोर फ्लॅटचं ब्रोशर. जलतरण तलाव, क्लब हाउस, हसणारं चौकोनी कुटुंब. पप्पांनी दादाला फोन लावायला सांगितला आणि एकच प्रश्न विचारला. "चौदावा मजला म्हणतोस, भूकंपाला कसं आहे?"

दादा वैतागला. मला नाही हसू आलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या आत किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा पप्पा औसा तालुक्यात नवे मास्तर होते. आदल्या दिवशीच गणपतींचं विसर्जन झालेलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक दगडमातीच्या भिंतींखाली. पप्पा ढिगारे उपसायला गेले होते. त्यांनी याबद्दल आम्हाला फारसं कधी सांगितलं नाही, पण त्यानंतर पुढे कितीतरी महिने ते घराबाहेर झोपायचे, हे आई सांगते. 'पोरांना पक्कं घर' हे आपल्याला घिसंपिटं वाक्य वाटतं. लातूरच्या त्या पिढीच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा असतो.

देण्याची ऐपत असलेलीही बहुधा हीच शेवटची पिढी. पप्पा १९९० ला लागले, जुन्या पेन्शनचे हक्कदार. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती तशी मिळाली नाही. ग्रॅच्युइटी लातूरच्या घराचं कर्ज फेडण्यात गेली. राहिलं आजोबांकडून आलेलं अहमदपूरजवळचं शेत. त्यातला रस्त्याला लागून असलेला एक एकर विकायचा. कायद्याने सगळं सोपं आहे. शहरापासून लांबच्या शेतजमिनीच्या विक्रीवर प्राप्तिकर नाही, आईवडिलांनी मुलाला दिलेल्या पैशांवरही नाही. व्यवहार चेकने करा म्हणजे झालं.

एकच अडचण. खरेदीदाराच्या वकिलाचं म्हणणं, जमीन वडिलोपार्जित आहे, मुलीची संमती हवी. वारसा कायद्यात मुलींना जन्मतः समान हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने उरलीसुरली शंकाही मिटवली. म्हणजे दादाच्या डाउन पेमेंटमध्ये माझाही वाटा आहे. फक्त तसं कोणी म्हणत नव्हतं. घरात सगळे म्हणत होते, "ताईची एक सही तेवढी राहिलीय."

रात्री स्वयंपाकघरात आईला विचारलं, "मी नाही म्हटलं तर?"

आई तवा घासत होती. "मी म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. मग कळलं. मामाने जे शेत विकून तरोड्याचा प्लॉट घेतला, त्यावर आईचं हक्कसोडपत्र होतं. बदल्यात तिला साडी-चोळी मिळाली. एवढी वर्षं मला हे माहीत नव्हतं.

"वाईट नाही वाटलं?"

"सही केली म्हणून माहेर राहिलं. तुला काल तिथं भाकरी मिळाली ना?"

यावर काय बोलणार? माझ्याकडे कायदा होता, कलमं होती, मास कॉमची डिग्रीही होती. आईकडे माहेर होतं. आणि ते तिने विकत घेतलेलं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी अहमदपूरला दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात गेलो. (फ्रीलान्सरला सोमवारची रजा कोण नाकारणार?) टोकन, बाकडं, पंखा, वेबकॅमसमोर फोटो, अंगठ्याचा ठसा. कागदावर माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'संमती देणार'. मी सही केली. राग होता का? होता. दादावर नाही, पप्पांवरही नाही. सही मागताना कुणीही मला 'तुझा हिस्सा' असं म्हटलं नाही, त्याचा होता. म्हणून बाहेर आल्यावर मीच म्हटलं, "पप्पा, यात माझेही पैसे गेले. दादाला सांगा तसं."

पप्पा काही बोलले नाहीत. रिक्षा केली आणि शेतावर घेऊन गेले. मोजणीवाल्यांनी टाकलेली पांढऱ्या फक्कीची रेघ अजून दिसत होती. रेघेच्या पलीकडे विकलेला एक एकर, अलीकडे उरलेले तीन. पप्पा अलीकडे, तुरीत उभे राहिले.

"या तिन्हीत तुझं नाव लावू. वाटणीपत्र करून."

"कधी?"

"तूर निघू दे."

तेवढ्यात दादाचा फोन आला, झालं का म्हणून. मी म्हटलं झालं, पप्पांशी बोल, ते तुला काहीतरी सांगणारेत. फोन त्यांच्या हातात दिला आणि बांधावर जाऊन थांबले. पुण्याची गाडी रात्री होती. परत फोन हातात आला तेव्हा त्यात १५ जानेवारीचा रिमाइंडर लावला. 'तूर.'