नाडीचे गुण

शार्ङ्गधरसंहितेंत नाडीच्या गतींचें वर्णन मोठें चित्रमय आहे. वातप्रकोपाची नाडी जळू व सर्प यांप्रमाणें चालते, पित्ताची कावळा व बेडूक यांप्रमाणें. आणि जी थांबत थांबत चालते ती प्राणघातक, असा स्पष्ट इशारा तेथें दिलेला आहे. गेल्या मार्गशीर्षांत रक्तदाब पाहतां पाहतां डॉक्टरांचें बोट आमच्या वहिनींच्या मनगटावर नेहमीपेक्षां अधिक वेळ रेंगाळलें, तेव्हां मला त्या प्रकरणाची आठवण झाली. विद्युत्-आलेख काढला, हृदयाच्या वरच्या कप्प्यांचें स्पंदन अनियमित झाल्याचें ठरलें. वहिनींना स्वतःला कांहींच त्रास नव्हता. ‘मग औषध कशाला?’ हा त्यांचा प्रश्न, आणि तो वावगा नव्हे.

वरचा कप्पा नीट आकुंचन पावण्याऐवजीं नुसता थरथरूं लागला, कीं त्यांतील रक्त साचून राहतें. डाव्या कप्प्यास कानाच्या पाळीसारखी एक लहान पिशवी असते. बहुधा तिच्यांतच गुठळी होते, ती सुटते, आणि प्रवाहाबरोबर मेंदूंत जाऊन तेथील वाट अडविते. मग अर्धांगवायु. अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम गांवीं दीर्घकाळ चाललेल्या पाहणींतून १९९१ सालीं असें दिसून आलें, कीं अशा रोग्यास हा धोका इतरांच्या सुमारें पांचपट असतो.

परंतु धडधाकट तरुण आणि मधुमेही वृद्ध यांना एकाच मापानें कसें मोजावें? याकरितां डॉक्टरांनीं एक गुणपत्रिका केली आहे. पहिली २००१ सालची. तिची वाढविलेली आवृत्ति २०१० सालीं बर्मिंगहॅमचे ग्रेगरी लिप व त्यांचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केली. हृदय दुर्बळ झालें असल्यास १ गुण, रक्तदाबाचा १, मधुमेहाचा १, रक्तवाहिन्यांच्या विकाराचा १; वय ६५ ते ७४ असल्यास १, ७५ वा अधिक असल्यास २; आणि पूर्वीं अर्धांगाचा झटका, मग तो क्षणिक कां असेना, येऊन गेला असल्यास २. जन्मभर मुलांना गुण देण्यांत घालविलेल्या माणसास ही परीक्षा विलक्षण वाटते. येथें जो अधिक गुण मिळवील तो अधिक संकटांत! स्त्री असल्याबद्दलहि १ गुण असे; तो मात्र युरोपांतील हृदयतज्ज्ञांनीं २०२४ सालीं काढून टाकला. आमच्या घरांतील स्त्रीवर्गास हा निर्णय फार पसंत पडला.

वहिनींचे ७६ वर्षांच्या वयाचे २ आणि रक्तदाबाचा १ मिळून ३ झाले. २ वा अधिक गुणांस रक्त गोठूं न देणारें औषध द्यावें आणि १ असल्यास विचार करून ठरवावें, असा आजचा संकेत आहे. बालपणींच्या सांधेतापानें ज्यांची हृदयाची झडप बरीच अरुंद झाली आहे, आणि अशीं माणसें आपल्याकडे थोडीं नाहींत, त्यांना मात्र हें गुणांकन लागूच नाहीं; त्यांना औषध सरळच द्यावें लागतें.

आतां घरांत मतभेद झाला. दादा म्हणाले, “हिचा तोल जातो. डोकें आपटलें तर रक्त थांबेल का?” ही भीति पोकळ नव्हे, या औषधांनीं रक्तस्रावाचा संभव वाढतो, क्वचित् मेंदूंतहि. पण कॅनडांतील डॉक्टरांनीं १९९९ सालीं हिशेब मांडून दाखविलें, कीं पडण्याच्या भयानें वॉर्फरिन सोडणें हिताचें ठरावयाचें, तर वृद्धानें वर्षांतून सुमारें २९५ वेळां पडलें पाहिजे! दादाहि हसले. तरी न्हाणीघरांत धरावयास दांडा बसवून घेतला, तें बरेंच झालें. ‘ओळखीची ॲस्पिरिन काय वाईट?’ ही माझ्या बहिणीची सूचना डॉक्टरांनीं मानली नाहीं. गुठळीपासून तिचें रक्षण तोकडें, आणि रक्तस्रावाचें भय तिच्यांतहि आहेच.

वॉर्फरिनचा इतिहास मौजेचा आहे. कुजलेलें गवत खाऊन अमेरिकेंतील गुरें रक्त वाहून मरत. त्याच्या शोधांतून हें द्रव्य निघालें, १९४८ सालीं उंदरांचें विष म्हणून विकलें गेलें, आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून मिळूं लागलें. तें अर्धांगाचा धोका सुमारें दोनतृतीयांशांनीं घटवितें. पण त्याकरितां वरचेवर रक्त तपासावें लागतें आणि पालेभाजीचें प्रमाण रोज सारखें ठेवावें लागतें. आळूच्या फतफत्यावांचून ज्या घरांत सण होत नाहीं, तेथें हें कठीणच. वहिनींना नव्या पिढींतील एपिक्साबान दिलें आहे; तें दिवसांतून दोनदां घ्यावयाचें, भाजीची अडचण नाहीं, मूत्रपिंडाची तपासणी मात्र अधूनमधून हवी.

राहिली एकादशी. या गोळीचा प्रभाव जेमतेम एक दिवस टिकतो, म्हणून एकहि वेळ चुकवून चालत नाहीं. ती अन्नाबरोबरच घ्यावी असें नाहीं, हें कळल्यावर वहिनींचें समाधान झालें. ज्येष्ठांतील निर्जळी तेवढी त्यांनीं यंदा पाण्याच्या दोन घोटांसह केली. एक सकाळीं, एक रात्रीं.